आतोबांवर चढलेली जादा मात्रा

चि. अजिंक्य यास,

तुझ्या आतोबांना तू जिवंतपणी मारलंस आणि मी ते कळवलं तर मला नुसता अंगठा पाठवतोस? आशीर्वाद आहेत, पण पत्र पुरतं वाचलंस तरच. तब्येत कशी आहे, खोकला गेला का, वेळेवर जेवतोस का, हे सगळं विचारलं असं समज. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून लिहायला बसले. चौथीनंतर एवढं सलग पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा माझ्या चुका काढू नकोस. चुका काढायच्या तर आतोबांच्या नव्या दुकानासाठी तू केलेल्या त्या पाटीत काढ.

आता अक्षर दिसायला वाईट नाही, ते मी खोटं बोलणार नाही. जाड रेघ चांगली जाड, बारीक रेघ केसासारखी, प्रत्येक अक्षराचा शेवट चिमटीत धरून ओढल्यासारखा, आणि त्या शेवटाला शेपटी. पण मेल्या, पाटी हातखंब्याला हमरस्त्यावर लागायची होती, कपाटात ठेवायची नव्हती. रिक्षातून जाणाऱ्याला बारीक रेघ दिसतच नाही. नुसते जाड जाड तुकडे दिसतात आणि त्यातून त्याने 'पंप व इंजिन दुरुस्ती' ओळखायचं. तेही चालवून घेतलं असतं. पण तो के! (तुझ्या आतोबांचं नाव कृष्णा रघू, पण बोटीवर साहेब लोक के. आर. म्हणायचे, तेव्हापासून कृष्णा म्हटलं तर ते ओ देत नाहीत.) त्या के ला एक मात्रा असते, एवढं मलासुद्धा येतं. तुझ्या फाँटने तिच्या शेजारी एक वेल काढली, तीही तशीच तिरकी, तशीच टोकदार. झालं! के. आर. भाटकरांचे कै. आर. भाटकर झाले. वर लंबगोलात काळापांढरा फोटो (मी निळ्या शर्टातला रंगीत दिला होता, तो रंग कुठे गेला?) आणि खाली १९९१ – २०२५. ती बोटीवरच्या नोकरीची वर्षं आहेत हे तुला, मला आणि आतोबांना ठाऊक. एसटीची वाट बघणाऱ्याला काय ठाऊक?

पाटी गुरुवारी लागली. शुक्रवारी सावर्ड्याच्या येसूबाई, म्हणजे आतोबांची चुलतबहीण, एसटीने रत्नागिरीला येत होत्या. त्यांनी खिडकीतून पाटी बघितली आणि तिथूनच जो गळा काढला तो आमच्या पडवीपर्यंत. मधे लेकीकडे उतरून पिठलं-भाताचा डबा मात्र करून घेतला, दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. मी बांगडे साफ करत बसले होते. माझ्या कपाळावरचं कुंकू आणि पुढ्यातले बांगडे बघून बाई आणखीच रडायला लागल्या, की हिला बिचारीला अजून कोणी सांगितलंच नाही! तेवढ्यात आतोबा चहाचा कप घेऊन बाहेर आले. म्हणाले, "कोण गेलं गो येसू?" ती म्हणाली, "तूच की रे, मेल्या!" मग तासभर तीच त्यांच्यावर रागावली. मेला नव्हतास तर कळवायचं नाही का, माझा बाजार बुडाला, वगैरे. आणि आतोबांनी काय करावं? डबा पुढ्यात ओढला आणि स्वतःचा पिठलं-भात स्वतः जेवले. वर म्हणतात, मीठ कमी आहे.

हसू नकोस. पुढचं हसण्यासारखं नाही. सध्या आंब्याच्या फवारणीचे दिवस, बागायतदारांचे पंप पटापट बिघडतायत, म्हणजे दुकान कसं भरलेलं पाहिजे. कोणी येत नाही. शनिवारी एक बाबल्या म्हणून बागेतला गडी पंप खांद्यावर घेऊन दारात आला. त्याने पाटी वाचली, पंप खाली ठेवला, चप्पल काढली आणि पाटीला हात जोडले. आतोबा आतून ओरडले, ये ये, मीच के. आर. तो म्हणाला, "तुम्ही धाकटे का? चौतिसाव्या वर्षी गेले हो, फार वाईट झालं. फोटोत जरा थोराड वाटतात." आणि पंप उचलून दुसरीकडे गेला! मयताच्या घरी कामाचं कसं बोलायचं, असं त्याला वाटलं असणार. माणूस सभ्य, पण गिऱ्हाईक गेलं ना?

आणि गिऱ्हाईक नाही म्हणजे काय, तुला कळतंय का? हे अकरा वाजता घरी येतात! माझ्या घरी! चौतीस वर्षं हा माणूस सलग दोन महिने घरात राहिला नाही, आमचा संसार त्याच्यावरच सुखाचा झाला. आता दुपारभर माझ्या मागे उभे राहतात. झाकण उचलून आमटीचा वास घेतात आणि बोटीवरचा भंडारी, म्हणजे तिथला स्वयंपाकी, काय करायचा ते सांगतात. परवा तर फळीवरचे सगळे डबे सुतळीने बांधून टाकले, हेलकाव्यात पडू नयेत म्हणून. घराला हेलकावे? आता मूठभर तूरडाळ काढायची तर तीन गाठी सोडाव्या लागतात, आणि त्या गाठी बोटीवरच्या, त्यांच्याशिवाय कोणाला सुटत नाहीत.

मी गप्प बसले नाही. लवू पेंटरला बोलावून म्हटलं, ती जादा वेल खोड. त्याने रंग आणला नव्हता, म्हणून तिच्यावर काळी पट्टी चिकटवली. आधी ज्याला शंका होती त्याचीही खात्री पटली. रविवारी कोणीतरी पाटीला झेंडूचा हार घालून गेलं.

आतोबांनी आता एकच धोशा लावलाय. ज्याने हे अक्षर पसंत केलं त्यानेच दुकानात बसावं, मी घर आणि स्वयंपाक सांभाळतो. आणि ते गमतीने म्हणत नाहीत, काल त्यांनी माझा खलबत्ता इंजिनाच्या तेलाने पुसला. तेव्हा नवी पाटी कर. साधं, ठसठशीत, शहाण्या माणसाचं अक्षर. शेपट्या नकोत, फोटो रंगीत, आणि वर्षं मुळीच नकोत.

पत्र पुरतं वाचलंस, तर घे आशीर्वाद.

तुझी आत्या,
हौसा

ता. क. तू तीन नमुने पाठवले होतेस, त्यातला साधा आतोबांना आवडला होता. "दुसरं, शेपटीवालं, आणि त्यांना विचारत बसू नकोस" हा बोललेला निरोप तुझ्या फोनवर असेल. तो आवाज माझ्यासारखा वाटला तरी पुसून टाक.

ता. क. दुसरा. मी त्यांना सांगितलंय की अक्षर तू परस्पर निवडलंस. शनिवारी सकाळी ते तुला फोन करून खात्री करणार आहेत. तू हो म्हणायचंस. तुला दुकानात बसायला मुंबईहून कोणी बोलावणार नाही, मी तर घरातच सापडते. नव्या पाटीवर भाटकरच्या भ ला मात्र एवढीशी शेपटी ठेव, खालच्या अंगाला. खाली शेपटी असली तर माणूस मरत नाही ना, तेही बघून सांग. दोन्हीचं उत्तर शुक्रवारी दुपारी बाराच्या आत, आणि माझ्याच फोनवर.