दादाच्या डोक्यातली सूज

४ फेब्रुवारी
काय बघतोस कागदा, पांढऱ्या तोंडानं? हो, मारलं! दादानं बाबांना मारलं. आमच्या वर्कशॉपमध्ये, ग्रिलच्या सळईनं. हाताचं हाड मोडल्याचा आवाज वहिनीला रस्त्यावर ऐकू आला. तुझं काय जातंय!

बाबांच्या पट्ट्याखाली आम्ही दोघं वाढलो. तेव्हा दादा नुसता मार खात उभा राहायचा. झुरळसुद्धा सुपलीत घेऊन बाहेर सोडणारा माणूस तो!

बाबा विव्हळत होते तरी तोंड चालूच — "प्यायलाय! पोलिसांत द्या त्याला!" दादा पीत नाही.

५ फेब्रुवारी
आज वहिनीवर पक्कड फेकली. कान फाटला तिचा. का? तर "डोकं कसंय" विचारलं म्हणून. महिनाभर ठणकतंय त्याचं डोकं. शब्द सापडत नाहीत. पाण्याला "ते ओलं" म्हणायचा. आम्ही हसायचो. हसायचो!

७ फेब्रुवारी
हॉस्पिटल. हात पलंगाला बांधलेत. मनगटं सोलून घेतलीत त्यानं.

स्कॅन बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना सूज आहे. इन्फेक्शन असेल, एखादं औषध, नशा... नाहीतर शरीरच स्वतःवर उलटतं. मध्यंतरी अंगावर फोड वगैरे?"

"छे!" बाबा म्हणाले. वहिनीही. मीही.

८ फेब्रुवारी
गाढवं आहोत आम्ही! आले होते की फोड! कपाळावर, डोळ्याच्या वर, रांगेनं. पण वेल्डरच्या घरात भाजल्याचं कोण मनावर घेतं? "ठिणगी उडाली" म्हणायचं आणि मलम फासायचं. अरे, त्या आठवड्यात वर्कशॉपचं मीटर जळालं होतं, वीजच नव्हती! कुठली ठिणगी?

पळत जाऊन सांगितलं. "नागीण!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "कांजिण्यांचाच विषाणू. डोळ्याजवळ उठला की कधीकधी मेंदूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जातो."

पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. चौघांनी दाबून धरला. एकाला चावला.

१० फेब्रुवारी
विषाणू सापडला. सलाइनमधून औषध चालू.

२१ फेब्रुवारी
हात सोडलेत. दादा स्वतः जेवला. बाबा रडले — मोडक्या हातानं त्याचं डोकं कुरवाळत. "आजारानं मारलं रे मला, माझ्या पोरानं नाही." उद्या घरी.

२२ फेब्रुवारी
बाबा टॅक्सी आणायला गेले. दादा हळूच म्हणाला, "छोटे, तुझ्या वहिनीला पक्कड मारली ते आठवतही नाही मला. पण सळई आठवतेय. नेम धरून मारली."

खाली हॉर्न वाजतोय. चालले मी — दोघांच्या मध्ये बसायला.