मावशी बोलतेय

२ फेब्रुवारी, रविवार

मावशी गेली! सकाळी बॅग भरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "लग्न केलंय मी. त्या बसमधल्या कंडक्टरशीच. ताईला सांगू नका, कच्चं खाईल मला." आमचे पापे घेतले आणि सुटली. चहाचा कपसुद्धा विसळला नाही बाईने.

आई परदेशात एका आजारी म्हातारीला सांभाळायला गेली ती हिच्या भरवशावर. बाबा तर धाकटा पोटात असतानाच वारले. म्हणजे आता घरात मी, वय सतरा, आणि बोका, वय बारा — माझा धाकटा भाऊ. साय चोरून खातो, म्हणून बोका.

आईला कळलं तर ती काम अर्धवट टाकून येईल, नाहीतर आम्हाला काकांकडे धाडेल. काका मागेच म्हणाले होते, "मुलाला ठेवून घेतो. मुलीला हॉस्टेलवर टाका." हे बोक्यानेही ऐकलंय. आज दिवसभर तो माझ्या मागे मागे होता. मोरीपर्यंत!

संध्याकाळी आईचा फोन. रविवारी येतोच. त्या घरात व्हिडिओ करू देत नाहीत, साधाच असतो. "कशी आहेस?" "ठीक." "अभ्यास?" "ठीक." "बरं, मावशीला दे."

माझं डोकंच चालेना. फोन पोटाशी धरला, मावशीसारख्या चपला फटाक फटाक वाजवल्या, घसा खाकरला आणि म्हटलं, "हं ताई, बोल!"

खपलं! आमचे आवाज फोनवर सारखेच येतात, सगळेच म्हणतात. बोका उशीत तोंड खुपसून खिदळत होता. मला मात्र दरदरून घाम.

३ फेब्रुवारी

दूध उतू गेलं. दोनदा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू भांडंभर सूप घेऊन आल्या. "जास्त झालं होतं." परवा अंडी जास्त झाली होती. एकट्या बाईचं इतकं जास्त कसं होतं? गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि नजर सगळ्या घरभर.

"मावशी कुठाय?"

"झोपलीय."

"झोपू दे, झोपू दे," म्हणाल्या आणि बोक्याच्या शर्टाचं तुटकं बटण जाता जाता लावून गेल्या. आगाऊ नाहीत, पण भीती वाटते त्यांची.

९ फेब्रुवारी, रविवार

मेले आज! आईला कुठून कळलं देव जाणे, मी केस कापले ते. मावशीला — म्हणजे मला — म्हणते, "चांगली झाड तिला. आत्ता, माझ्यासमोर. मला ऐकायचंय."

काय करते! मावशीच्या आवाजात ओरडले, "काय गं ए भवाने, कुणाला विचारून कात्री लावलीस?" मग तोंड फिरवून माझ्या आवाजात, "चुकले गं मावशी." परत मावशी, "चुकले काय चुकले!" बोका पलंगावरून खाली पडला. पलीकडे आईला जोरात खोकला आला. बराच वेळ खोकत होती. सर्दी झाली असावी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बोक्याला मारलं मी. गृहपाठ नाही, आंघोळ नाही, वर म्हणतो, "तू काय आई आहेस का?" फाडकन दिली. पाच बोटं उमटली गालावर. तो रडला नाही. रडले मीच. मग म्हणाला, "ताई, मला काकांकडे नाही ना पाठवणार?"

मूर्ख! तुला ठेवण्यासाठीच तर चाललाय हा सगळा तमाशा. असं म्हणायचं होतं. म्हटलं, "जा, तोंड धू."

आईचा राग येतो. खूप येतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज आईचा आवाज बसलेला होता. माझ्याशी नेहमीचंच, ठीक, ठीक. मग मावशी.

"बये, मोठी काही बोलते का गं माझ्याबद्दल? माझ्यापाशी तोंडच उघडत नाही."

मी थट्टेवारी न्यायचं ठरवलं होतं. आणि तोंडून भलतंच निघालं. "रागावलीय ती तुझ्यावर. जाताना उठवलंसुद्धा नाहीस तिला. सकाळी उठली तर तुझं अंथरूण रिकामं. सतरा वर्षांची असली म्हणून काय झालं? तिला कोणी विचारलं का, जमेल का तुला म्हणून?"

मावशीचा आवाज सुटला की काय, कुणास ठाऊक. वाटलं, फोन कट झाला.

मग आई म्हणाली, "उठवलं असतं तर माझा पाय निघाला नसता गं." आणि रडायला लागली. माझी आई! कधी रडत नाही ती.

"जाण्याआधी बराच वेळ उशाशी बसले होते तिच्या. मोठीला सांगू नकोस हं हे."

"नाही सांगत," मी म्हटलं.

१७ फेब्रुवारी

लाज वाटतेय. हलकंही वाटतंय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी फोन. नंबर अनोळखी, पण वाटलं आईच. यावेळी मी कॉलेजात असते (दांडी मारली होती), म्हणून सरळ मावशी होऊन बोलले, "हं ताई, बोल!"

पलीकडे हशा. "अगं बाई, हुबेहूब मीच की! ताई सांगत होती, मला पटत नव्हतं."

खरी मावशी!

आईने पहिल्याच फोनला ओळखलं होतं म्हणे. शिंपीणकाकूंना तेव्हाच लक्ष ठेवायला सांगितलं आणि मावशीला आता कुठे हुडकून काढून धुतलं. काकांकडे कोणी जात नाही. मावशी कंडक्टरला घेऊन उद्या इथे राहायला येतेय, आणि म्हातारीसाठी दुसरी बाई मिळाली की आई निघेल.

"मग बोलली का नाही मला?" मी किंचाळलेच.

"मी पण तेच विचारलं. ताई म्हणाली, माझ्याशी मोठी नुसतं ठीक ठीक करते. मावशी झाली की खरं बोलते."

मोठीला सांगू नकोस, असं आई मोठीलाच सांगत होती.