सातवा रंग

३ मार्च
आलो एकदाचा या शहरात! ताईनं मागची खोली झाडून ठेवली होती; खिडकीतून उजेड भरपूर. ताई अपघात वॉर्डात परिचारिका. मोटारसायकलवरून कामावर जाते आणि गल्लीतल्या हेल्मेट न घालणाऱ्या प्रत्येकाला फैलावर घेते. मला कामही लागलंय: हेल्मेटच्या दुकानात रंगारी. दिवसभर रिकामी डोकी रंगवायची! ताई म्हणाली, चला, आता घरातली दोघंही डोकी वाचवायच्या धंद्यात.

५ मार्च
हेल्मेटं पोत्यातून येतात, अपघातातल्या गाड्या ठेवतात त्या आवारातून. तडा असेल तिथं लांबी, म्हणजे पुटी, भरायची, पॉलिश पेपर मारायचा, रंगाचे दोन हात, आत नवं अस्तर. झालं नवंकोरं. एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा टिकतं का, असं मी मालकांना विचारलं. ते हसून म्हणाले, लोकांना पोलिसाला दाखवण्यापुरतंच हवं असतं. पटलं नाही, पण नोकरी नवी; कामाला लागलो. आज एक लाल केलं. गंमत म्हणून मागे छोटं हिरवं पान काढलं.

९ मार्च
ते लाल हेल्मेट परत आलं. पोत्यातून. पान माझंच, आणि तडा नेमका मी लांबी भरली होती तिथंच. मालक म्हणाले, निळं कर. घासायला घेतलं तर लालखाली पांढरा, त्याखाली पिवळा, मग करडा... मोजले, एकूण सहा रंग. प्रत्येक थराखाली त्याच जागी लांबी. तरी सातवा दिला. मागे पुन्हा पान काढायचं नव्हतं, हातानं काढलंच.

१० मार्च
जेवताना ताई सांगत होती, हल्ली हेल्मेट घातलेली माणसंही येतात. हेल्मेट अंड्यासारखं फुटलेलं असतं, असं का होतं तेच कळत नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. उद्या सांगतो.

१२ मार्च
निळं परत आलं. अस्तर ओलं. आत हात घातला तर ऊब, कुणी आत्ताच डोक्यावरून काढल्यासारखी. मालकांना दाखवलं. त्यांनी न बघताच काळ्या रंगाचा डबा पुढे सरकवला. ते स्वतः रोज पायी येतात, हे आज लक्षात आलं.

१३ मार्च
काळं केलं. या वेळी मागे पान रंगवलं नाही. पिशवीतून घरी आणून माझ्या खाटेखाली लपवलं. आता ते कुणाच्याच डोक्यावर चढणार नाही. ताईला अजून सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडानं सांगू?

१५ मार्च
खाटेखाली कुणीतरी श्वास घेतंय. भरदिवसा. तडा पुन्हा वर आलाय, केसाएवढा — मी हातही लावला नव्हता. हातोडी मारली. साधा ओरखडा उठला नाही.
उद्या ताईला सगळं सांगणार. नक्की.

१६ मार्च, सकाळ
उठायला उशीर झाला. ताई गेली. तिचं हेल्मेट मेजावर, पट्टा तुटलेला. खाली चिठ्ठी — तुझ्या खाटेखालचं घेऊन जाते, बोडक्या डोक्यानं गाडी चालवायची नाही मला. पान छान काढलंयस.

मी पान काढलं नव्हतं.

दुपार
फोन उचलत नाही. वॉर्डात म्हणाले, आज आलीच नाही. रस्ताभर शोधत दुकानापर्यंत — दारात पोतं. हलकं. आत एकच.
गाठ सुटत नाहीये, बोटं —
सुटली. काळं. पान. अजून गरम. अस्तरात ताईची केसांची क्लिप —
मालक विचारताहेत, आता कोणता रंग दे