किल्ली माझ्याकडे आहे

७ सप्टेंबर १९८१
सातपूर. कारखाना बंद होऊन वर्ष झालं, तरी मी वेळेवर हजर. कंपनी बुडाली म्हणून शिस्त बुडायचं कारण नाही. आज कंपनीची मालमत्ता निकालात काढायला कोर्टाने नेमलेल्या लिक्विडेटरचे इन्स्पेक्टर मुंबईहून आले. मशिनं पाहिली, पडून राहिलेले पंप पाहिले, आणि रेकॉर्ड रूमपाशी थबकले. कुलूप माझं. कारखाना बंद करून जाताना शेठ म्हणाले होते, गायधनी, कागदपत्रं तुमच्या हवाली. याला न्यास म्हणतात. इन्स्पेक्टरांनी कोर्टाचा हुकूम दाखवला, पण त्यात माझं नाव नाही, ‘करस्पॉन्डन्स क्लार्क’ हा हुद्दाही नाही. नम्रपणे परत पाठवलं.
रात्री सौ.ने विचारलं, बिनपगारी ऑफिसला रोज डबा कशाला लागतो.

११ सप्टेंबर
फकिरा आला. आमच्या लेथवरचा, हात चांगला. मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपात टर्नरची भरती आहे. वय उलटलंय, पण अनुभवाचा दाखला जोडला तर चाळिशीपर्यंत सूट मिळते, आणि हा येत्या दिवाळीत चाळीस पुरा. अर्ज महिनाअखेरच्या आत. दाखला लिक्विडेटर देणार, पण आधी सर्व्हिस कार्ड पाहणार. कार्ड माझ्या रेकॉर्ड रूममध्ये, ‘फ’च्या खणात. डोळे मिटून काढीन.
मग काढा की, म्हणाला. त्याला प्रोसीजर समजावली. शेठची परवानगी हवी. त्यांना आजच पत्र टाकलं. फकिराचं काम माझ्याइतकं कोणी मनावर घेतलेलं नाही.

१६ सप्टेंबर
शेठचं उत्तर नाही. कारखाना पुन्हा सुरू करायच्या विचारात असतील.
फकिरा पुन्हा आला. दाराकडे बघत म्हणाला, “भाऊसाहेब, आत देव बसवलाय का? आमाला दर्शनबी नाय.” चेष्टेखोर आहे. पण हसला नाही.

१९ सप्टेंबर
स्वतः पुढाकार घेतला. लिक्विडेटरला पत्र: एका कुशल कामगाराचं भवितव्य टांगणीला लागलं असता आपण उदासीन का? चार पानं. एक विशेषण बदलण्यात संध्याकाळ गेली, पण जमलं.

२५ सप्टेंबर
उत्तर आलं. कुलूप आपले आहे, कृपया उघडावे, आमचा माणूस त्याच दिवशी दाखला देईल. बस. पत्राला ‘विषय’सुद्धा नाही. असल्या पत्रावर कुलूप उघडलं तर शेठना काय तोंड दाखवू? संदर्भ क्रमांक मागवला आहे.

२८ सप्टेंबर, दुपार
फकिरा बायकोला घेऊन आला. नवसाबाई. ती पायरीवर बसून राहिली. मी चहाचं विचारलं, नको म्हणाली.
फकिरा म्हणाला, “किल्ली तुमच्या खिशात हाये, भाऊसाहेब. मला दिसतीय ती.”
माझ्यावर विश्वास ठेव म्हणालो. नवसाबाईने एकदा माझ्या खिशाकडे पाहिलं.
उद्या उघडायचं. ठरलं. नियम माणसांसाठी असतात.

२९ सप्टेंबर
उघडलं नाही. सकाळी किल्ली लावलीसुद्धा होती. मग मनात आलं, शेठचं पत्र दुपारच्या टपालात असेल तर? नव्हतं. फकिरा संध्याकाळपर्यंत फाटकाशी उभा होता. मी मागच्या बाजूने निघालो. तिकडून बस जवळ पडते.

३० सप्टेंबर
सर्दी. गेलो नाही.

६ ऑक्टोबर
कोर्टाची नोटीस. माझ्या नावाने, हुद्द्यासह. शेवटी दखल घ्यावी लागली. सौ.ला वाचून दाखवली. तिने ‘अटक’ हा शब्द पुन्हा वाचायला सांगितला.
सोबत शेठच्या प्रतिज्ञापत्राची नक्कल. गायधनी नावाच्या कारकुनाला आपण कोणतीही सूचना दिलेली नाही, तो इसम नीटसा आठवतही नाही. ही वकिलाची भाषा. शेठ असं लिहिणार नाहीत.

९ ऑक्टोबर
कुलूप काढलं. माझं चार पानी पत्र इन्स्पेक्टरांच्या लक्षात होतं. त्यांनी आधी फकिराचंच कार्ड मागितलं. मी खणात हात घातला आणि काढलं. समोरचा चहा निवायच्या आत दाखला टाइप होऊन त्यावर सही झाली. म्हणाले, इतकं नीट लावलेलं रेकॉर्ड मी कुठल्याच बंद कंपनीत पाहिलं नाही. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.
दाखला न्यायला नवसाबाई आली. फकिरा दिंडोरीला द्राक्षांच्या छाटणीवर आहे, रोजाने. मी म्हणालो, पुढच्या वर्षी परत भरती निघेल.
“तवर त्यांचं वय कमी हुनार हाय का?”
रागाने नाही, नुसतं विचारलं. मग दाखल्याची घडी पदराआड ठेवली. म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. पोरांना दाखवायला हुईल, बाप लेथवर व्हता म्हून.”
जेवण झाल्यावर फकिराला पत्र लिहायला बसलो. ‘प्रिय’ लिहून खोडलं. ‘श्री. फकिरा यांस’ लिहिलं. पुढे काही उतरत नाही. पेन बिघडलं असावं.