बॉनेट तेवढं कोरं ठेवलंय

प्रिय चक्री,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच फडताळात टाकशील, म्हणून वरचा पत्ता हिच्याकडून लिहून घेतलाय. आता फोडलंच आहेस तर वाच. सहा वर्षं आपण एकमेकांशी चकार शब्द बोललो नाही आणि मला त्याचा अगदी वीट आलाय. आपलं पुन्हा जमावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. तर बातमी अशी, की मी गाडी घेतली. नवी, कोरी, गडद निळी. जन्मभर लोकांच्या गाड्या चमकवून स्वतः बसने घरी जाणारा माणूस मी, पण आता सकाळी दात घासायच्या आधी खिडकीतून खाली डोकावून ती जागेवर आहे का ते बघतो. ही म्हणते, लग्न नवं होतं तेव्हा माझ्याकडेसुद्धा इतक्या वेळा बघितलं नव्हतंत.

गाडी ताब्यात घेताना शोरूममधल्या बाई मला रंगाची काळजी कशी घ्यायची ते समजावून सांगायला लागल्या. मी आपला शहाण्या मुलासारखा मान डोलावत होतो. ही मागे उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी बाईंनी विचारलं, काका, वॅक्स लावणार की सीलंट? आपल्या दुकानात त्या काळ्या गाडीवाल्या गृहस्थाने हेच विचारलं होतं, आठवतं? मी म्हणालो वॅक्स, तू म्हणालास सीलंट, दोघं एकाच दमात. मग तू त्याला समजावायला लागलास की खाली सीलंट, ते टिकायला, आणि वर वॅक्स, ते झळाळीला. मला काय झालं कोण जाणे. उस्तादांनी आपल्याला फक्त पिवळं मेण आणि मऊ कापड एवढंच शिकवलं होतं, आणि तू गिऱ्हाइकासमोर बाटलीतलं नवं ज्ञान पाजळतोयस, याच्या मिरच्या मला झोंबल्या. मी म्हणालो, ज्याच्या हाताला चमक नसते त्याला बाटली लागते. तो गृहस्थ गाडी घेऊन निघून गेला, आणि महिन्याभरात तूही गेलास, तीन तासांवरच्या गावी. दुकानात तुझी चूक निघाली की मी हसायचो आणि माझी निघाली की तू, पण त्या दिवशी कोणीच हसलं नाही.

आता मी कसा तोंडावर आपटलो ते ऐक, म्हणजे तुला बरं वाटेल. पहिल्याच सकाळी, ऊन यायच्या आत, बॉनेट धुऊन पुसून त्यावर झोकात वॅक्स लावलं. उस्ताद मला पट्टी का म्हणायचे ते आठवत, सरळ रेषेत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. असं उजळलं की मला माझ्या नाकातले केस दिसले. मग हिने विचारलं, गाडी उघड्यावर, झाडाखाली, दिवसभर उन्हात राहणार, हे किती दिवस टिकेल? मी म्हणालो, दोन महिने. ती म्हणाली, आणि दर दोन महिन्यांनी हे तुमचे गुडघे करणार का? गपचूप जाऊन सीलंटची बाटली आणली आणि वॅक्सच्या वरच लावली! पस्तीस वर्षं हेच काम केलेला कारागीर मी, आणि आधी शर्ट घालून वरून बनियन चढवला. सीलंट रंगाला चिकटायचं असतं, त्याला खाली लागला मेणाचा तेलकट थर. सगळीकडे ढगासारखे डाग. जितकं पुसावं तितकं पसरतंय. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई गॅलरीतून म्हणाल्या, अहो, तुमची गाडी आजारी आहे का?

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा मी एक दिवस तोंड फुगवून बसलो. दुसऱ्या दिवशी मात्र तुझ्याच पद्धतीने सगळं काढलं. बॉनेट स्पिरिटने पुसून पार उघडं केलं. बाकीची गाडी धुतली, कणकेच्या गोळ्यासारख्या क्लेने खरखर काढली, सीलंटचा पातळ हात फिरवला, एक दिवस नुसतं सुकू दिलं आणि मग त्यावर वॅक्स. नंतर दारावर तांब्याभर पाणी ओतलं. अरे, काय सांगू! पाण्याचे मणी झाले आणि टपटप घरंगळून गेले, एकही थेंब चिकटून राहिला नाही. मी सात तांबे ओतले. मास्तरीणबाई खाली येऊन एक तांबा ओतून गेल्या. हिने दोन ओतले आणि म्हणाली, चक्रीभावजींचंच खरं होतं तर. मी म्हणालो, हो. सहा वर्षांत तोंडातून न निघालेला शब्द तांब्याभर पाण्याने काढला.

आता हे पत्र का लिहितोय ते सांगतो. मी तोंड फुगवून बसलो होतो त्याच दिवशी गाडीची बातमी द्यायला हिने वहिनींना फोन केला होता. त्या दोघींनी बोलणं कधी सोडलंच नव्हतं, भांडण आपलं होतं, त्यांचं नाही. वहिनींनी तुझ्या पडण्याचं सांगितलं. उजवं मनगट मोडलं, प्लॅस्टर निघालं, पण बोटं अजून धड मिटत नाहीत. व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की रोज टेबलावर टॉवेल ठेवून हात गोल गोल फिरवा, आणि तू म्हणतोस, स्वच्छ टेबल काय पुसायचं, मला वेड लागलंय का? आणि हात मांडीवर घेऊन बसून राहतोस. फोन ठेवल्यावर ही रडली, आणि खोटं कशाला सांगू, मीही रडलो. तुझ्या हाताला चमक नाही असं जे मी म्हणालो होतो, ते साफ खोटं होतं. तो हात बघूनच मी काम शिकलो. म्हणून बॉनेट तेवढं कोरं ठेवलंय. आम्ही रविवारी सकाळी निघतोय. वाटेत बसलेली धूळ मी धुऊन देईन, धुणं पहिल्यापासून माझ्याकडेच होतं. पण सीलंट तू लावायचं, उजव्या हाताने, हवा तितका वेळ घे. ते एक दिवस सुकायला हवं हा तुझाच नियम, म्हणजे आमचा मुक्काम आला, वहिनींना कळवलंय. सोमवारी वॅक्स. तेही तूच, तुझ्या त्या गोल गोल पद्धतीने, मी शेजारी उभा राहीन आणि पहिल्यांदाच तुला सरळ रेषेत पुस म्हणणार नाही.

तुझाच,
पट्टी