वीस फोटो, वीस फोकस

सोमवार, ३ मार्च. दुपारी २.
एका फोटोची खरी किंमत: नमुना घासून पातळ करायला चार दिवस, मायक्रोस्कोप तयार व्हायला एक सकाळ, शिवाय मेहुण्याकडचं जेवण हुकलं. आणि कॅमेरा देतो काय? नुसता उजेड-अंधार. अणूंमधून येताना इलेक्ट्रॉनची लाट किती मागं-पुढं झाली, म्हणजे फेज, ती हरवते ती हरवतेच.
ती मी परत आणणार. एकाच जागेचे वीस फोटो काढायचे, दर वेळी फोकस जरासा वेगळा. फरकावरून कॉम्प्युटर फेज काढतो. फोकसही म्हणे कॉम्प्युटरवरूनच लावायचा. मी नॉबनंच लावणार. झाडू मारत या खोलीत आलो होतो. आज अकरा वर्षं ही बोटं त्या नॉबवर आहेत.
शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर मायक्रोस्कोप पीएचडी करून आलेल्या नव्या डॉक्टरीणबाईंच्या ताब्यात आणि मी स्टोअरमध्ये, खोकी मोजायला. लॅबच्या प्रमुख मॅडमना म्हटलं, शुक्रवार कशाला, गुरुवारीच घ्या.

मंगळवार, ४ मार्च.
वीस फोटो झाले. नॉबची एकेक टिचकी. फोकस बसला की मला आवाजावरून कळतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, स्क्रीनवरचा आकडा तरी बघा. म्हटलं, मुरलेला आचारी मीठ मोजून टाकतो का? त्या आपल्या कॉम्प्युटरकडे वळल्या. पटलं असावं.

बुधवार, ५ मार्च. सकाळी.
कॉम्प्युटर म्हणतो, उत्तर निघत नाही. कॉम्प्युटर जुना झालाय.

दुपारी.
तेच. शेजारच्या खोलीत कुणीतरी खुर्ची ओढतं, त्यानं फोटो हलत असणार. दारावर पाटी लावली: खुर्ची उचलून ठेवावी.

संध्याकाळी, घरी.
बायको म्हणाली, चष्मा सापडत नाही तर मला हाका मारता, ही फेज एकटे कुठून शोधणार? विज्ञानातलं तिला काय कळतंय. चष्मा फ्रिजवर होता. तिनंच दिला.

गुरुवार, ६ मार्च.
संकल्प: काम होईपर्यंत चहा नाही. (अकराला घेतला. अर्धाच.)
पुन्हा वीस फोटो, नॉब या वेळी चांगला सढळ हातानं. उत्तर नाही. डॉक्टरीणबाईंनी फोटो एकावर एक ठेवून पाहिले. म्हणाल्या, काका, वीसच्या वीस सारखेच आहेत की. म्हटलं, याला हात स्थिर असणं म्हणतात.
मॅडमना कळवलं, शुक्रवारच बरा. सर्व्हिसवाल्याला बोलावलंय. दोष यंत्रातच आहे.

शुक्रवार, ७ मार्च. ४ वाजता.
दोष यंत्रातच निघाला. तरीही डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरवरून वीस फोकस लावले आणि मॅडमचा चहा संपायच्या आत फेज आली. एकेक अणू मोजून घ्यावा अशी. मॅडम चहा संपवून माझ्याकडे आल्या. स्टोअरची किल्ली तेवढी टेबलावर ठेवली.
सर्व्हिसवाल्यानं जुना रिपोर्ट काढून दाखवला. फोकस नॉबची वायर त्यानंच काढली होती, दोन वर्षांपूर्वी. तेव्हापासून फोकस कॉम्प्युटरच आपोआप लावतो. खाली ‘समजलं’ म्हणून सही आहे. माझीच.