सुतकातला दिवा

॥ श्री ॥
सोलापूर,
१३ ऑक्टोबर २०२५

चि. अभिमन्यू यास,
अनेक आशीर्वाद. पत्राची रीत म्हणून लिहिले आहेत, मनातून एकही दिलेला नाही.

वि. वि. इथे अकॅडमीत फोन ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद ठेवतात, म्हणून तर माझा फोन तुझ्याकडे ठेवून आले. रविवारी घरी दोन मिनिटं बोलायला मिळतं, तेही सर समोर बसलेले असताना. पोलीस भरतीला आलेल्या मुलीने गेमवरून भावाला शिव्या दिलेल्या त्यांना आवडणार नाहीत, म्हणून हे पत्र केळीच्या टेम्पोवाल्या प्रभुदादाच्या हाती देते आहे. आईला दाखवू नकोस. उत्तरही त्याच्याच हाती पाठव.

आज सकाळी मैदानावर संस्कृतीने तिच्या फोनवर मला गेममधलं माझं खातं दाखवलं. ती शहरातलीच, घरून ये-जा करते, म्हणून तिच्याजवळ फोन असतो. आठ तारखेपर्यंत माझे सात दिवे पेटलेले आणि पुढे सगळा अंधार. वर लाल अक्षरात लिहिलेलं, जोडी बाद. त्यानंतर सोळाशे मीटर धावायचं होतं. किती वेळ लागला ते विचारू नकोस.

दसऱ्याला घरी आले तेव्हा तुला समोर बसवून सांगितलं होतं. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत एकवीस दिवस. रोज तीन सामने खेळायचे, पाडलेल्या शत्रूंकडून तेल गोळा करायचं आणि गडाच्या दरवाजात जाऊन आपला दिवा लावायचा. जोडीतल्या दोघांनीही. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट खेळून भरता येतो, लागोपाठ दोन चुकले की खेळ खलास. एकविसाव्या दिवशी जोडमशाल नावाची बंदूक मिळते, तिच्यावर दोघांची नावं कोरलेली असतात. पाडवा उलटला की ती बंदूक पुन्हा कुणालाही मिळत नाही. गेल्या वर्षी विसाव्या दिवशी नेट गेलं ते दोन दिवस आलंच नाही आणि हातची गेली. या वर्षी सगळं तुझ्या भरवशावर ठेवलं आणि तू मला तोंडघशी पाडलंस.

रोजचं पाऊण तासाचं काम होतं रे. एरवी दिवसभर ओट्यावर बसून अंगठे झिजवतोस ते चालतं, बहिणीचं काम आलं की हात मोडतात. खरं कारण लिही. थापा मारल्यास तर भरती झाल्यावर पहिली गाडी तुझी अडवीन.

आईअण्णांस सा. न. तुझ्यावरचा लोभ तूर्त काढून घेतला आहे.
ऋतुजा


१५ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वर श्री लिहिलेला नाही, तो विसरून नव्हे. आपल्या घरात सुतक आहे. धोंडीराम काका गुरुवारी पहाटे सोलापूरच्या दवाखान्यात वारले. कावीळ झाली होती. तुला कळवायचं नाही असं आईने बजावलं होतं, कारण पंचवीस तारखेला तुझी मैदानी चाचणी आहे. पण तू थापाड्या म्हणालीस, तेव्हा आता घे खरं कारण.

गुरुवारी संध्याकाळी मी ओट्यावर बसून तुझंच काम करत होतो. तीन सामने झाले होते. गडाच्या दरवाजात पोचलं की घंटा वाजते, ती वाजली आणि अण्णा आतून बाहेर आले. त्याच दिवशी स्मशानातून आलेले, डोकं ओलं. घरात देव्हारा बंद हाय आन ह्यो हितं दिवा लावून घंटा बडवतोय व्हय, असं म्हणाले. मी सांगितलं की हा फोनमधला दिवा आहे, याला तेल लागत नाही आणि देवही नाही. ते म्हणाले, दिवा तो दिवाच, सख्खा भाऊ गेलाय माझा. आणि दहा दिवस कसलाही दिवा लावणार नाही असं माझ्या तोंडून वदवून घेतलं. अकरा वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाही तो एका दिवसात सख्खा झाला.

मला त्या माणसाचं सुतक पाळायची हौस नव्हती, हेही लिहून ठेवतो. धरणाचं पाणी मागे हटलं तेव्हा त्याने सामाईक मोटार आपल्या बाजूला ओढली, आपली केळी उभी वाळली, आणि अण्णा जाब विचारायला गेले तर चार माणसांत त्यांच्या कानाखाली मारली. मी आठ वर्षांचा होतो, अण्णांची टोपी मीच चिखलातून उचलली. तू तेव्हा मामाकडे होतीस, तुला ऐकीव माहिती. त्यामुळे काकासाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही आणि यायचंही नाही.

बाकी, तुझ्या जोडीतल्या त्या कॉलेजच्या मैत्रिणीला, कोळसा_१३ ला, मी वाऱ्यावर सोडलेलं नाही. आज तरी ये, आज तरी ये म्हणून तिचे मेसेजवर मेसेज येत होते. शेवटी शुक्रवारी मी लिहिलं की घरात सुतक आहे, दहा दिवस दिवा लागणार नाही. गेला तो आमचा कुणी नव्हता, नावाची भावकी, सुटलो एकदाचे, पण घरचे पाळायला लावतात. त्यानंतर ती गप्प झाली. म्हणजे परकी असून तिला समजलं, तुलाच समजत नाही.

धावण्याकडे लक्ष दे. राग ठेवायचा तर ठेव, माझाही आहे.
अभिमन्यू


सोलापूर,
१६ ऑक्टोबर २०२५

अभिमन्यू,

आशीर्वाद नाहीत आणि वि. वि.ही नाही.

कोळसा_१३ म्हणजे अपेक्षा. धोंडीराम काकांची अपेक्षा. तू जिला लिहिलंस की गेला तो आमचा कुणी नव्हता, तिचा तो बाप होता. आणि माझ्या खात्यावरून लिहिलंस, म्हणजे तिच्या लेखी ते मी लिहिलं.

आता नीट वाच, कारण हे मी घरात कधीच बोलले नाही. कॉलेजच्या एसटीत आम्ही दोघी दोन टोकांना बसायचो. एका बाकावर बसलो तर संध्याकाळपर्यंत दोन्ही घरांत कळायचं. बोलायला जागा कुठली, तर त्या गेममधली. दोन वर्षं आम्ही तिथेच बोलतो, मारामारी करता करता. मागच्या वर्षी तिच्या भावाच्या लग्नपत्रिकेत आपलं एक नाव नव्हतं. आमची दोघींची नावं एका ठिकाणी येतील अशी एकच वस्तू होती, ती बंदूक. ती मला कशासाठी हवी होती ते कळलं का आता?

तुला खरं सांगितलं असतं तर तू तिच्यासाठी एक गोळी झाडली नसतीस, म्हणून कॉलेजची मैत्रीण असं सांगितलं. आणि फोन तुझ्याकडे आहे हे तिला सांगितलं असतं तर तीही खेळली नसती, म्हणून तिलाही नाही सांगितलं. ही चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही. पण मेलेल्या माणसाबद्दल सुटलो असं अनोळखी मुलीला लिहायची बुद्धी तुला कुठून झाली? ती चूक तुझी, आणि ती माझ्या नावावर खपली.

आणि काका गेल्याचं मला आठ दिवसांनी, तेही भांडणाच्या पत्रातून कळावं? लहानपणी त्यांनी मला पोहायला शिकवलं होतं. आईला सांग, मला रडायची सोयसुद्धा ठेवली नाहीत. इथे सोळा मुली एका खोलीत झोपतात.

माझी वाट बघू नका. दिवाळीला सुट्टी नाही, आणि असती तरी आले नसते.
ऋतुजा


१९ ऑक्टोबर २०२५

ऋतुजास,
नमस्कार. सप्रेम लिहायला हात वळला नाही.

फोनवर तुला ब्लॉक करून टाकलं आहे, म्हणून प्रभुदादाच्या टेम्पोतून अकॅडमीत हे पत्र पाठवते. उत्तर मागत नाही. काल दहावा झाला. हात मोकळे झाले, तेव्हा म्हटलं हे एकदा ओकून टाकावं.

माणूस गेला की त्याच्या जागी दहा दिवस पिठावर दिवा ठेवतात आणि तो विझू द्यायचा नसतो, हे तुलाही माहीत आहे. ते काम माझ्याकडे होतं. आई पडून, दादा माणसांत. मी त्या दिव्याजवळ बसून होते, एका हाताने तेल घालत आणि दुसऱ्या हातात फोन. गुरुवारीही मी गडाच्या दरवाजातला माझा दिवा लावला, शुक्रवारीही लावला. बाप गेलेली मुलगी गेम खेळते म्हणून बायका कुजबुजल्या. निंगव्वा मावशीने तर तोंडावर विचारलं. मला तो खेळ वाटलाच नाही. एक दिवा जपतेच आहे, तर दुसराही जपावा एवढंच वाटलं. शेजारी तुझी जागा काळी होती. मला वाटलं रडत असशील. आज तरी ये असं किती वेळा लिहिलं ते तू मोजलं असशील.

मग तुझं उत्तर आलं. सुटलो एकदाचे.

तुझ्या अण्णांनी लिहिलं असतं तर मला काही वाटलं नसतं. बाबांनी त्यांच्यावर हात उचलला होता हे मी नाकारत नाही. पण त्याच्या आधीचे पाच दिवस, बाबा दवाखान्यात असताना, तू मला काय काय लिहीत होतीस? मी व्हरांड्यात बसून ते वाचायचे आणि आत जाऊन बाबांना ऐकवायचे. ऋतुजाचं आहे म्हटल्यावर त्यांनी दोनदा वाचायला लावलं. अण्णाची पोर मला असं लिहिती व्हय, असं म्हणून डोळे मिटून पडून राहिले. शेवटी शेवटी त्यांना तेवढंच बरं वाटत होतं. त्यातलं खरं कोणतं होतं, ते की हे? ते खोटं असेल तर माझा बाप खोट्यावर समाधान मानून गेला, आणि ते मी तुला कधी माफ करणार नाही.

बंदुकीचं मला काही नाही. ती गेली ते चांगलंच झालं, तुझ्या नावाशेजारी माझं नाव मला आता नको.

लोभ होता, तो संपला.
अपेक्षा


सोलापूर,
२० ऑक्टोबर २०२५

अभिमन्यू,

सोबत अपेक्षाचं पत्र ठेवलं आहे, वाच. एकदा वाचून समजलं नाही तर पुन्हा वाच.

चार तारखेपासून फोन तुझ्याकडे होता. दवाखान्यातल्या त्या मुलीला पाच दिवस धीर देणारी मी नव्हते. मला काका आजारी असल्याचंच माहीत नव्हतं. म्हणजे तो तू. तू, ज्याला काकाचं नाव काढलं की शिरा फुगतात. काय लिहीत होतास तिला?

उद्या तेरावा आहे. तो होऊ दे, परवा तिच्या घरी जा आणि ते घाणेरडं मी लिहिलं होतं म्हणून तिच्यासमोर कबूल हो. पुढच्या दाराने जा. अण्णा अडवतील, त्यांना जे सांगायचं ते सांग. तिने दार लावून घेतलं तर बाहेर उभा राहा. इतकं केलंस तर पत्रावर आशीर्वाद लिहीन. नाही केलंस तर मला भाऊ नाही असं समजेन, आणि मी हे रागात लिहिलेलं नाही.
ऋतुजा


२३ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल पाडव्याला जाऊन आलो. अण्णांना सांगितलं कुठे जातोय ते. त्यांनी अडवलं नाही, फक्त चप्पल दाराबाहेर काढ म्हणाले.

अपेक्षाने आत घेतलं नाही. उंबऱ्याच्या आत ती, बाहेर मी. मी सांगून टाकलं की शुक्रवारचा मेसेज माझा, ताईला त्याचा पत्ताही नव्हता, तिने मला कॉलेजची मैत्रीण म्हणून सांगितलं होतं. ती म्हणाली की मला वाटलंच होतं, ऋतुजाचे शब्द तसे नसतात. आणि मग विचारलं, दवाखान्यातलं कुणी लिहिलं. तेवढं तरी ऋतुजाचं होतं ना, असं विचारलं.

ताई, ते सगळं मी लिहिलं होतं. दर सामन्यानंतर ती लिहायची की वडील आयसीयूत आहेत, भीती वाटते. मला काय माहीत कोणाचे वडील. कुणीतरी पोरगी एकटी घाबरलीय एवढंच कळत होतं, म्हणून सुचेल ते लिहीत गेलो. काकाला मी जिवंतपणी कधी नमस्कार केला नाही, आणि माझंच लिहिलेलं ऐकत तो गेला. हे वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. त्याचा राग गेलेला नाही, तो तसाच आहे. पण ती दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला खरं बोलता आलं नाही. मी म्हणालो, हो, ते ताईचंच. आठ तारखेपर्यंत फोन तिने लपवून जवळ ठेवला होता, मग जमा झाला आणि माझ्याकडे आला. तिने मान हलवली आणि दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला. मी निघून आलो.

ती तुला लिहील किंवा भेटेल. तेव्हा तू गडबडू नयेस म्हणून खाली उतरवून देतो. पाठ कर आणि कागद फाडून टाक.

चार तारखेला: आयसीयूत नेलं म्हणजे जास्त लक्ष देतात, घाबरू नको.
पाच तारखेला: काही खाल्लंस का? आधी खा, मग सामना.
सहा तारखेला: तुझे वडील पाण्याकाठचे आहेत म्हणतेस ना, पाण्याकाठची माणसं चिवट असतात.
सात तारखेला: त्यांना सांग, इथे एक जण रोज त्यांच्यासाठी दिवा लावतंय.
आठ तारखेला: दिवाळीचा फराळ ते घरीच करणार, बघ तू.

एवढं तू लिहिलंस. मी फक्त शुक्रवारचं लिहिलं.

अभिमन्यू